कॅल्व्हरीतल्या कबरीपासून आयर्लंडमधल्या वाडीपर्यंत: जुन्या आयरिश दफनांचा शोध कसा घ्यावा

न्यू यॉर्कच्या क्वीन्समध्ये, न्यूटाउन क्रीकच्या काठाजवळ, कॅल्व्हरी नावाची कॅथलिक दफनभूमी आहे. सेंट पॅट्रिक कॅथीड्रलच्या विश्वस्तांनी ती जमीन १८४५ मध्ये घेतली आणि ३१ जुलै १८४८ रोजी तिथे पहिलं दफन झालं. आज तिथल्या दफनांची संख्या ३० लाखांच्या वर गेली आहे. सुरुवातीच्या दशकांत इथे आलेल्यांत आयरिश लोकांचा भरणा मोठा होता. बटाट्यावरच्या करप्याने पडलेल्या दुष्काळात १८४५ ते १८५२ या वर्षांत आयर्लंडमध्ये सुमारे १० लाख माणसं दगावली, त्याहून जास्त लोकांनी देश सोडला, आणि त्यांतल्या फार मोठ्या लोंढ्याचं पहिलं बंदर न्यू यॉर्क होतं.

पुढची रीत कॅल्व्हरी समोर ठेवून सांगितली आहे. बॉस्टन किंवा फिलाडेल्फियातल्या जुन्या दफनभूमीसाठीही कामाचा क्रम हाच राहतो, फक्त कार्यालयं आणि संग्रह बदलतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. "जन्म: आयर्लंड" एवढ्या माहितीवर आयर्लंडमधलं एकही दार उघडत नाही. तिथल्या जुन्या नोंदी टाउनलँड नावाच्या लहानशा घटकाप्रमाणे लावलेल्या आहेत आणि असे टाउनलँड ६० हजारांहून जास्त आहेत. आपल्याकडे "आम्ही कोकणातले" म्हटल्यावर घराचा पत्ता लागत नाही, गाव आणि वाडी सांगावी लागते, तसंच हे. आणि ती वाडी ज्या कागदावर लिहिलेली असते तो कागद बहुतेक वेळा तुम्ही शोधत असलेल्या माणसाचा नसतो. तो भावाचा असतो, मेहुणीचा असतो, शेजाऱ्याचा असतो. म्हणून एका माणसाचा शोध घेऊ नका. त्याच्या कबरीत आणखी कोण कोण आहे ते सगळं शोधा. नवखे लोक अडकतात ते इथेच.

आधी मृत्यूची तारीख, मग कबर

थेट दफनभूमीत जाऊन दगड धुंडाळण्यात अर्थ नाही. कॅल्व्हरीचे चार भाग आहेत. क्रीकजवळचा जुना भाग म्हणजे पहिली कॅल्व्हरी. दुसरी, तिसरी आणि चौथी वुडसाइडच्या बाजूला, वेगळ्या जागी आहेत. शिवाय असंख्य कबरींवर दगड कधी उभाच राहिला नाही. मजुरी करणाऱ्या घराला कबरीचे पैसे जेमतेम जमत, दगडाचे कुठून जमणार? त्यामुळे "दगड सापडला नाही" याचा अर्थ "दफन इथे झालं नाही" असा घेऊ नका.

दफनभूमीच्या कार्यालयाला नोंद काढायला नाव आणि दफनाची तारीख, किंवा निदान मृत्यूचं वर्ष लागतं. केली, मर्फी, सलिव्हन ही आडनावं आपल्याकडच्या पाटील-जाधवांइतकी सर्रास आहेत. नुसत्या नावावर कोणीही काही शोधून देऊ शकत नाही. तारीख मिळवण्याचा सोपा रस्ता म्हणजे फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावरची न्यू यॉर्क शहराच्या मृत्यूंची सूची. तिच्यात पुष्कळदा दफनभूमीचं नाव, दफनाची तारीख आणि आईवडिलांची नावंही मिळतात. जर्मन जीनिऑलॉजी ग्रुप आणि इटालियन जीनिऑलॉजिकल ग्रुप यांच्या सूच्याही मोफत आहेत. नाव पाहून बुजू नका, त्यांत सगळ्या समाजांचे मृत्यू आहेत.

इथे एक ठरलेली चूक होते. कॅल्व्हरी क्वीन्समध्ये आहे म्हणून लोक मृत्यू क्वीन्सच्या नोंदींत शोधतात. मृत्यूची नोंद माणूस जिथे मेला तिथे होते. पहिल्या कॅल्व्हरीतली बरीचशी माणसं मॅनहॅटनच्या चाळींत गेली आणि शवपेट्या फेरीबोटीने ईस्ट नदी ओलांडून आल्या. ब्रुकलिन तर १ जानेवारी १८९८ पर्यंत वेगळं शहरच होतं, त्याची दप्तरंही वेगळी. तेव्हा आधी मॅनहॅटन, मग ब्रुकलिन आणि मग क्वीन्स असा क्रम ठेवा.

मृत्यूचा दाखला ओळीओळीने वाचा

सूचीतून प्रमाणपत्राचा क्रमांक, वर्ष आणि बरो (मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स असा शहराचा विभाग) हाती आलं की न्यू यॉर्क महानगरपालिकेच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मूळ दाखल्याचं छायाचित्र मोफत पाहता येतं. सगळे दाखले अजून चढलेले नाहीत. तुमचा नसेल तर प्रत मागवावी लागते. १८६६ पूर्वीच्या मॅनहॅटनसाठी दाखल्यांऐवजी मोठ्या नोंदवह्या आहेत, एका मृत्यूला एक आडवी ओळ.

सूचीवर थांबू नका, दाखला उघडाच. त्यावर काय काय असतं ते पाहा: वय, धंदा, राहण्याचा पत्ता, जन्मदेश, अमेरिकेत किती वर्षं, या शहरात किती वर्षं, मृत्यूचं कारण, दफनाची जागा आणि तारीख, अंत्यविधी करणाऱ्या व्यावसायिकाचं नाव. जुन्या नमुन्यात आईवडिलांचं फक्त जन्मस्थान विचारलेलं असतं, नंतरच्या नमुन्यांत नावंही येतात. मृत्यूच्या कारणात 'थायसिस' किंवा 'कन्झम्प्शन' दिसलं तर तो क्षय. 'मरॅस्मस' म्हणजे लहान मुलाचं खंगत जाणं. 'शिप फीव्हर' म्हणजे जहाजावर पसरणारा टायफस.

"अमेरिकेत किती वर्षं" हा रकाना सोन्यासारखा आहे. १८८१ मध्ये मेलेल्या बाईच्या दाखल्यावर "३० वर्षं" असेल, तर आगमन १८५१ च्या आसपास. मात्र "३०" हा आकडा कुणीतरी अंदाजाने सांगितलेला असतो, म्हणून आगेमागे तीनचार वर्षं धरा. वयाचंही तेच. ४०, ५०, ६० अशी गोल वयं दिसली की ती अंदाजाने लिहिलेली आहेत असं समजा. दाखल्यावरची माहिती मेलेल्या माणसाने दिलेली नसते. ती मुलाने, शेजारणीने किंवा चाळीतल्या खोल्या भाड्याने देणाऱ्या बाईने दिलेली असते. सुनेला सासूच्या आईचं नाव ठाऊक असेलच असं नाही.

दफनाच्या रकान्यात 'सिटी सिमेट्री' असेल तर कॅल्व्हरीत शोधत बसू नका. १८६९ पासून बेवारस आणि निर्धनांना हार्ट बेटावर पुरलं जाई आणि दाखल्यावर त्या जागेचं नाव असं पडे. तिथल्या उपलब्ध नोंदींचा शोध शहराच्या संकेतस्थळावर घेता येतो, पण काही जुन्या वह्या जळून गेल्या आहेत. 'ग्रीन-वुड' असेल तर ती ब्रुकलिनमधली १८३८ ची, कोणत्याही एका पंथाची नसलेली दफनभूमी. तिचा शोध तिच्याच संकेतस्थळावर मोफत होतो. आयरिश म्हणजे कॅथलिकच असं धरून चालू नका, उत्तरेच्या अल्स्टर प्रांतातून प्रॉटेस्टंट कुटुंबंही मोठ्या संख्येने आली. 'होली क्रॉस' असेल तर बहुधा ब्रुकलिनच्या फ्लॅटबुशमधली १८४९ ची कॅथलिक दफनभूमी.

१८४८ च्या आधी मेलेला कॅथलिक माणूस असेल तर तो आधी मॅनहॅटनमध्येच पुरलेला असणार: मॉट आणि मलबेरी रस्त्यांमधल्या जुन्या कॅथीड्रलच्या आवारात, किंवा १८३३ मध्ये सुरू झालेल्या ११व्या रस्त्यावरच्या दफनभूमीत. त्या दुसऱ्या जागेतले अवशेष १९०९ मध्ये कॅल्व्हरीत हलवले गेले. अशा माणसाची स्वतंत्र कबर कॅल्व्हरीत शोधून मिळणार नाही.

दफनभूमीच्या कार्यालयाकडून काय मागायचं

बहुतेक लोक विचारतात, "अमुक माणसाची कबर कुठे आहे?" उत्तरादाखल एक क्रमांक मिळतो आणि काम तिथेच थांबतं. तुम्ही चार गोष्टी मागा.

पहिली, कबरीचा पूर्ण पत्ता. कॅल्व्हरीत तो विभाग, रेंज, प्लॉट आणि कबर या क्रमाने लिहितात, आणि आधी चारपैकी कोणती कॅल्व्हरी हेही विचारून घ्यावं लागतं. यातला एक घटक जरी गळला तरी प्रत्यक्ष जागेवर तासन्‌तास जातात.

दुसरी, त्या कबरीत पुरलेल्या सगळ्यांची यादी, नाव, वय आणि दफनाच्या तारखेसह. सगळ्यात मोलाचा कागद हाच. एका खोल खड्ड्यात एकावर एक तीन किंवा त्याहून जास्त पेट्या ठेवण्याची रीत होती. त्यात आजी, दोन तान्ही मुलं, अविवाहित दीर आणि वेगळ्याच आडनावाची एक बाई असू शकते. त्या वेगळ्या आडनावाच्या बाईवर बोट ठेवा. ती बहुधा लग्न झालेली बहीण किंवा बायकोच्या माहेरची असते.

तिसरी, जागा कोणी विकत घेतली आणि कधी. खरेदीची तारीख बहुधा घरातल्या पहिल्या मृत्यूच्या आसपासची असते. खरेदीदार नवरा नसून बायकोचा भाऊ निघाला तर तिचं माहेरचं आडनाव तिथेच मिळालं.

चौथी, शेजारच्या प्लॉटचा मालक त्याच आडनावाचा आहे का. हे कार्यालय सांगेलच असं नाही, पण विचारायला काही जात नाही.

कार्यालय वुडसाइडमध्ये, लॉरेल हिल बुलेव्हार्डवर आहे. तिथूनच पहिल्या कॅल्व्हरीत पायी जाऊ असं ठरवून निघू नका. जुन्या भागाचं फाटक ग्रीनपॉइंट अॅव्हेन्यूवर आहे. शोधासाठी शुल्क लागतं का आणि किती, ते आधी विचारा, आणि एका वेळी दोनतीन नावांपेक्षा जास्त पाठवू नका. लांबलचक यादी बाजूला पडते.

दगडासमोर

आयरिश कबरींच्या दगडांवर एक खास सवय दिसते. कितीतरी दगडांवर "आयर्लंडमधल्या अमुक काउंटीतल्या अमुक पॅरिशचा रहिवासी" असं स्पष्ट कोरलेलं असतं. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर. घर गेलं, शेत गेलं, पण पॅरिशचं नाव दगडात घातलं. इतर कोणत्याही अमेरिकन कागदावर न मिळणारी माहिती कधी कधी या एका ओळीत मिळते, म्हणून दगड असेल तर तो अक्षर न् अक्षर उतरवा.

उतरवताना स्वतःच्या मनाने दुरुस्ती करू नका. पॅरिशचं नाव चुकीचं कोरलेलं वाटलं तरी जसंच्या तसं लिहा, शंका वेगळ्या ओळीत लिहा. चारही बाजू पाहा, पायथ्याचं गवत हाताने बाजूला करा. खालची ओळ बहुतेक वेळा मातीत गेलेली असते. "रेलिक्ट" म्हणजे विधवा. "इरेक्टेड बाय" नंतर ज्याचं नाव आहे तो दगड उभारणारा, आणि तो कोण हे शोधलंच पाहिजे. वय "४२ वर्षं ७ महिने ११ दिवस" असं असेल तर मृत्यूच्या तारखेतून वजा करून जन्मतारीख काढा, पण ती खरी मानायच्या आधी बाप्तिस्म्याची नोंद पाहा. दगड मृत्यूनंतर वीस वर्षांनीही उभा राहिलेला असू शकतो. पाच नावांची अक्षरं एकाच घडणीची दिसली तर ती सगळी एकदमच कोरलेली आहेत.

जुने दगड बरेचसे पांढऱ्या संगमरवराचे. संगमरवर म्हणजे चुनखडीचाच भाऊबंद, आम्लयुक्त पावसाने तो विरघळतो आणि साखरेसारखा भुसभुशीत होतो. तपकिरी वालुकाश्मापासून बनवलेल्या दगडांचे पापुद्रे सुटतात. म्हणून तारेचा ब्रश, ब्लीच, व्हिनेगर, शेव्हिंगचा फेस, खडू, पीठ यांतलं काहीही लावायचं नाही, आणि कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्यायचा नाही. फेस आणि पीठ छिद्रांत बसतं आणि दगडाचं पुढे नुकसान करतं. अक्षर वाचायला लागतो तो तिरपा उजेड. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. दगड सावलीत असेल तर सोबत्याला उंच आरसा घेऊन बाजूला उभं करा आणि उन्हाची तिरीप दगडाच्या पृष्ठभागावरून सरपटत जाईल अशी पाडा. समोरून सपाट दिसणारी अक्षरं सावल्यांनी उठून येतात. ढगाळ दिवशी मोबाइलचा टॉर्च दगडाच्या कडेला टेकवून तेच करता येतं. नुसतं स्वच्छ पाणी शिंपडायला हरकत नाही, पण डोलणाऱ्या किंवा तडा गेलेल्या दगडाला हातही लावू नका.

फोटो तीन घ्या: दगडाचा पूर्ण, मजकुराचा जवळून, आणि आजूबाजूच्या चारपाच दगडांसह लांबून. एकाच काउंटीचे लोक जवळजवळ जागा घेत. शेजारच्या दगडावरही तीच काउंटी दिसली तर ते नाव टिपून ठेवा.

वाडीचं नाव सांगणारे चार कागद

दगड नसेल, किंवा दगडावर फक्त "आयर्लंड" असेल, तर पुढचे संग्रह पाहा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण वर जे आहे ते जास्त फळ देतं.

सगळ्यात आधी एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक. आयरिश एमिग्रंट सोसायटीच्या लोकांनी १८५० मध्ये ही बँक काढली. खातेदारांत निरक्षर पुष्कळ, तेव्हा पैसे काढायला आलेला माणूस खरा कोण हे ओळखायला कारकून खातं उघडताना घरगुती माहिती विचारून वहीत लिहून ठेवत: जन्मगाव, आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, कोणत्या जहाजाने कधी आला, भावंडं किती आणि कुठे, नवरा किंवा बायको कोण, मुलं किती. पुढच्या वेळी त्यातलाच एखादा प्रश्न विचारून ते खातरजमा करत, म्हणून या वह्यांना 'टेस्ट बुक' म्हणतात. एका नोंदीत टाउनलँड, पॅरिश, काउंटी, आई, बाप आणि जहाज असं सगळं एकत्र मिळतं. मूळ वह्या न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत, प्रतिमा अॅन्सेस्ट्री या वंशशोधाच्या संकेतस्थळावर आहेत. तुमच्या माणसाचं खातं नसेल तर कबरीच्या यादीतल्या इतरांची नावं टाका. मोलकरणीचं काम करणाऱ्या अविवाहित बहिणी हमखास सापडतात. पैसे साठवून घरी पाठवणाऱ्या त्याच असत.

दुसरा, 'मिसिंग फ्रेंड्स'. बॉस्टनच्या 'पायलट' या वर्तमानपत्रात १८३१ ते १९२१ या काळात हरवलेल्या नातलगांच्या शोधाच्या जाहिराती येत. "अमुक टाउनलँडचा, अमुक सालापासून न्यू यॉर्कमध्ये असलेला माझा भाऊ" असा त्यांचा मजकूर असतो. बॉस्टन कॉलेजने त्यांचा मोफत शोधसंग्रह केला आहे.

तिसरा, मृत्यूच्या जाहिराती, मुख्यतः 'न्यू यॉर्क हेरल्ड' आणि 'आयरिश अमेरिकन'मधल्या. पॅरिश आणि काउंटी पुष्कळदा असते, शिवाय अंत्ययात्रा कोणत्या घरातून निघणार आणि कोणाच्या मित्रमंडळींना आमंत्रण आहे तेही. मेव्हण्याचं नाव इथे येतं. तारखा वाचताना सांभाळा: 'इन्स्टंट' म्हणजे चालू महिना, 'अल्टिमो' म्हणजे मागचा. २ मार्चच्या अंकात "२७ अल्टिमो" असेल तर मृत्यू २७ फेब्रुवारीचा. ब्रुकलिनसाठी 'ब्रुकलिन डेली ईगल' तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाने मोफत खुला केला आहे.

चौथा, अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांची पेन्शन फाइल, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. विधवेला किंवा म्हाताऱ्या आईला लग्न आणि नातं सिद्ध करावं लागे, म्हणून आयर्लंडमधल्या पाद्र्याचं पत्रही कधी कधी फाइलला लागलेलं असतं.

नागरिकत्वाच्या अर्जावर फार वेळ घालवू नका. सप्टेंबर १९०६ आधीच्या अर्जांत जन्मगाव सहसा नसतं, आणि तेव्हा लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या नावावर नागरिकत्व मिळे, त्यामुळे तिचा वेगळा अर्जच नसतो. खानेसुमारीचा उपयोग घरातली माणसं जुळवायला होतो: १८५० पासून प्रत्येकाचं नाव, १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नातं, १९०० मध्ये आगमनाचं वर्ष आणि बाईला किती मुलं झाली, किती हयात आहेत तेही. १८९० ची जवळजवळ सगळी नष्ट झाली आहे. ती फट १८९२ च्या न्यू यॉर्क राज्याच्या खानेसुमारीने जिथे उपलब्ध आहे तिथे भरा.

नावांचा गुंता

संगणकाच्या शोधखिडकीत एकच रूप टाकून "काही नाही" म्हणणाऱ्यांची संख्या फार आहे. ब्रिजेट ही बिडी, डीलिया, ब्रायडी किंवा बेडीलिया असते. होनोरा ही नोरा, हनोरा, कधी हॅना. जोहॅनाही हॅनाच. मार्गारेटची पेगी होते. जेरेमाया आणि डार्बी एकच. कॉर्नेलियस म्हणजे कॉन. दक्षिणेकडची गॉबनेट अमेरिकेत अॅबिगेल किंवा डेबोरा होऊन बसते. आडनावापुढचं 'ओ' किंवा 'मॅक' अमेरिकेत गळतं आणि मुलांच्या पिढीत परत येतं. कॅथलिक नोंदवह्या लॅटिनमध्ये असतात: जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम, यूजीनियस म्हणजे ओवेन.

जागांचं स्पेलिंग अमेरिकन कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेलं आहे. ते मोठ्याने म्हणा. "बॅली" हे आयरिश भाषेतलं 'बाले' म्हणजे वस्ती, "किल" हे बहुधा 'किल्य' म्हणजे चर्च, "नॉक" म्हणजे टेकडी. मग लॉगन्म या आयरिश स्थळनामांच्या मोफत संग्रहात जवळचे उच्चार तपासा. जुनी नावंही ध्यानात असू द्या: किंग्ज काउंटी म्हणजे आजची ऑफली, क्वीन्स काउंटी म्हणजे लीश, आणि क्वीन्सटाउन बंदर म्हणजे कोव्ह. दगडावरची क्वीन्स काउंटी न्यू यॉर्कची समजून माणसाला इथेच जन्माला घातल्याची उदाहरणं कमी नाहीत.

समुद्रापलीकडे

टाउनलँड आणि पॅरिश हाती आल्यावर दोन प्रकारचे पॅरिश वेगळे करा. नागरी पॅरिश जमिनीच्या नोंदींसाठी, कॅथलिक पॅरिश बाप्तिस्म्यासाठी. दोघांच्या सीमा आणि नावं पुष्कळदा जुळत नाहीत.

बाप्तिस्मा आणि लग्नं आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहेत, साधारण १८८० पर्यंतची, मोफत. तिथे नावाने शोध होत नाही, पानं उलटावी लागतात. पश्चिमेकडच्या गरीब पॅरिशच्या वह्या उशिरा सुरू होतात. वहीच १८४० नंतरची असेल तर १८२५ चा जन्म तिच्यात सापडायचा नाही. बाप्तिस्म्याचे साक्षीदार, म्हणजे धर्ममातापिता, नक्की लिहून घ्या. ते आत्या-मामा-काका असतात, आणि त्यांतलंच एखादं नाव कॅल्व्हरीतल्या कबरीच्या यादीत पुन्हा भेटतं. असं भेटलं की जोडणी जवळजवळ पक्की.

सर्वांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८६४ पासूनची आहे आणि आयरिशजीनिऑलॉजी या सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. दुष्काळात निघून गेलेल्यांचा जन्म तिथे नसेल, पण मागे राहिलेल्या आईवडिलांचा मृत्यू असू शकतो. जुन्या खानेसुमाऱ्या मात्र गेल्या: १८२१ ते १८५१ च्या बहुतेक १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या आगीत जळाल्या आणि पुढच्या चार सरकारनेच नष्ट केल्या. पूर्ण उरल्या त्या १९०१ आणि १९११ च्या.

ती पोकळी भरायला ग्रिफिथचं मूल्यांकन आहे, म्हणजे करासाठी केलेली जमीन-घरांची नोंद, १८४७ ते १८६४ मधली. सातबारा वाचणाऱ्याला हे पान परकं वाटणार नाही: टाउनलँड, कसणारा, जमीनदार, घर आहे की नुसती जमीन, क्षेत्रफळ एकर-रूड-पर्चमध्ये, आणि करासाठीची किंमत. ४० पर्चचा एक रूड, चार रूडचा एक एकर. एकाच वाडीत दोन पॅट्रिक केली असले तर फरक कळावा म्हणून शेजारी बापाचं नाव लिहिलेलं असतं, आपल्या नावात मधे वडिलांचं नाव येतं तसं. प्रत्येक ओळीला नकाशावरचा क्रमांक आहे, आणि आस्कअबाउटआयर्लंडच्या मोफत नकाशावर त्या क्रमांकाचं शेत दिसतं. एवढं लक्षात ठेवा की फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव येतं, आणि सर्वेक्षक पोचायच्या आधीच निघून गेलेलं घर त्यात नसतं.

महाराष्ट्रातल्या छावण्यांजवळच्या जुन्या दफनभूमींतही आयरिश सैनिक आहेत. कंपनीच्या मुंबईतल्या युरोपियन पलटणीचीच पुढे १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन झाली. त्यांच्या दफनांसाठी ब्रिटिश लायब्ररीतल्या मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदी पाहाव्या लागतात, त्यांची खूण 'एन/३' अशी आहे. तिथून पुढे पलटणीच्या कागदांचा रस्ता वेगळा होतो.

चुकीचा माणूस कसा चिकटतो

अॅनी मूरचं उदाहरण प्रत्येक नवशिक्याने समोर ठेवावं. १ जानेवारी १८९२ रोजी न्यू यॉर्क बंदरातलं एलिस बेट हे स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र उघडलं तेव्हा पहिली नोंद काउंटी कॉर्कच्या या मुलीची झाली. ती दोन धाकट्या भावांना घेऊन 'नेवाडा' जहाजाने क्वीन्सटाउनहून आली होती. नंतर अनेक वर्षं असं मानलं गेलं की ती टेक्ससला गेली आणि १९२३ मध्ये ट्रामखाली सापडून मेली. गोष्ट इतकी सांगितली गेली की कुणी कागद पाहिला नाही. २००६ मध्ये वंशशोधक मेगन स्मोलेन्याक यांनी दाखवून दिलं की टेक्ससमधली ती बाई मुळात इलिनॉयमध्ये जन्मलेली होती. खरी अॅनी मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमध्येच राहिली, जोसेफ शायर नावाच्या जर्मन वंशाच्या माणसाशी तिने लग्न केलं, १९२४ मध्ये ती वारली, आणि कॅल्व्हरीत दगड नसलेल्या कबरीत तिच्या काही मुलांसोबत ती होती. तिचा माग लागला तो भाऊ फिलिपच्या नागरिकत्वाच्या कागदांवरून. २००८ मध्ये तिथे आयर्लंडहून आणलेल्या दगडाचा केल्टिक क्रॉस उभारला गेला.

यातून कामाची शिस्त घ्या. नाव आणि अंदाजे वय जुळणं हा पुरावा नव्हे. निदान तीन गोष्टी वेगवेगळ्या कागदांवरून जुळल्या पाहिजेत, आणि त्यांतली एक तरी नातेवाइकाची हवी: आईचं माहेरचं आडनाव, भावंडाचं नाव, पत्ता, साक्षीदार किंवा धंदा. विरोधात जाणारा कागद सापडला तर तो बाजूला सारू नका. इलिनॉयचा जन्म लिहिलेला कागद आधी कुणी गांभीर्याने घेतला असता तर इतकी वर्षं गेली नसती.

नोंद करताना

प्रत्येक कबरीसाठी एक वेगळं पान ठेवा. वर कबरीचा पूर्ण पत्ता, खाली दफनाच्या तारखेच्या क्रमाने सगळी माणसं, आणि प्रत्येक नावापुढे माहिती कोणत्या कागदावरून आली ते. तारखेत महिना अक्षरांत लिहा. अमेरिकेत आधी महिना आणि आयर्लंडमध्ये आधी दिवस लिहितात, त्यामुळे ५/८ चा घोटाळा ठरलेला. जिथे शोधलं आणि सापडलं नाही तेही तारखेसह लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तीच वही पुन्हा उलटाल.

फाइंड अ ग्रेव्हसारख्या कबरींच्या सार्वजनिक ऑनलाइन संग्रहात माहिती टाकताना कागदावर आहे तेवढंच लिहा. अंदाजाचं गाव एकदा तिथे चढलं की शंभर वंशावळींत पसरतं आणि परत काढता येत नाही. न्यू यॉर्क-न्यू जर्सीकडे राहणाऱ्या मराठी वाचकांना दूरच्या कुटुंबांसाठी फोटो काढून द्यायचे असतील तर त्या संग्रहावर तशा विनंत्या असतात.

शेवटी कार्यालयाची यादी आणि दगडावरची नावं शेजारी ठेवून ताडून पाहा. यादीत असलेली आणि दगडावर नसलेली बहुधा तान्ही मुलं असतात, तीन महिन्यांची, अकरा दिवसांची. त्यांचा मृत्यूचा दाखला वेगळा काढा, राहण्याचा पत्ता त्यावर असतो, आणि नमुना नंतरचा असेल तर आईचं नावही. मग त्यांनाही पानावर त्यांच्या तारखेच्या जागी बसवा: नाव, वय, दिवस, विभाग, रेंज, प्लॉट, कबर.